वीतभर अंतरावरून

ज्योत्स्ना तुंगारला माणसं आवडत नाहीत, असं कॉलेजात सगळे म्हणत. ते खरं नव्हतं. तिला मूर्ख माणसं आवडत नसत, आणि गंगापूर रोडवरच्या त्या कॉलेजात नेमका त्यांचाच भरणा होता, त्याला ती काय करणार?

प्राणिशास्त्र विभागात ती प्रयोगशाळा सहायक होती. वय सत्तेचाळीस. लग्नाच्या भानगडीत पडली नाही. घर त्र्यंबकचं, भाऊ आणि पुतणे यजमानांची पूजेची कामं करत आणि दिवाळीला तिला एक साडी पाठवत. वयाच्या चोविसाव्या वर्षी ती नाशिकला आली ती इथलीच झाली. तेवीस वर्षं तिने एकच काम केलं होतं. मुलं काड्यापेटीत कोंबून किडे आणत, ते टाचणीला लावायचे, त्यांचे पाय चिमट्याने सरळ करायचे, खाली बारीक अक्षरात नाव लिहायचं. नाव ती शोधून काढायची आणि सही प्राध्यापक करायचे. दोन विभागप्रमुख तिच्या हाताखालून गेले, असं ती मनात म्हणायची, आणि दोघांनाही ढालकिडा आणि ढेकूण यांतला फरक तिनेच सांगितला होता.

२००२ सालच्या ऑगस्टमधली गोष्ट. हरसूलकडून शिकायला आलेली सविता नावाची एक मुलगी चतुरांच्या पेटीपुढे उभी होती. बराच वेळ बघून ती म्हणाली, "मॅडम, हा असा नसतो."

"कसा नसतो?"

"आमच्याकडं ओहळावर बसतो हा. लालभडक असतो, मिरचीसारखा. हा तर तपकिरी हाय."

"मेल्यावर रंग जातो त्यांचा. पुस्तकात दिलंय."

"मग तुम्ही जिता पाहिलाय का?"

दुसऱ्या कुणी असं विचारलं असतं तर ज्योत्स्नाने त्याला जागच्या जागी गप्प केलं असतं. पण प्रश्न बरोबर होता. चतुर उडताना तिने पाहिले होते, सगळ्यांनीच पाहिलेले असतात. पण जिवंत चतुर जवळून, त्याच्या डोळ्यांच्या जाळीपर्यंत, पंखांच्या शिरांपर्यंत, असा तिने एकही पाहिला नव्हता. तेवीस वर्षं ती जे बघत होती ती नुसती टरफलं होती. त्या दिवशी घरी जाताना तिला पहिल्यांदा स्वतःचीही थोडी किळस आली.

कपाटात एक कॅमेरा पडून होता. भावाच्या मेव्हण्याने अमेरिकेतून आणलेला, त्याला कंटाळा आल्यावर भावाकडे आणि भावाला कंटाळा आल्यावर तिच्याकडे आलेला. सगळं हाताने करायचा, रोल घालायचा कॅमेरा. त्याच्यावरची लेन्स साधी पन्नास मिलिमीटरची होती. तिने अंगणातल्या जास्वंदीवरच्या मुंगळ्याचे चार फोटो काढले. धुऊन आल्यावर जास्वंद दिसली, मुंगळ्याच्या जागी एक ठिपका होता. अर्ध्या हाताच्या आत लेन्स फोकसच होत नव्हती. जवळचं टिपायला मॅक्रो लेन्स नावाची वेगळी लेन्स लागते एवढं तिला वाचून कळलं. ती कुठली घ्यायची, हे वाचून कळेना.

कुणीतरी तिला सांगितलं की गंगापूर रोडलाच निसर्गछायाचित्रकारांचं एक मंडळ आहे, दर रविवारी जमतं. ती गेली. एका डॉक्टरांच्या दवाखान्यावरचा हॉल होता. पंधरा-वीस जण होते, बहुतेकांच्या अंगावर खिसेच खिसे असलेली जाकिटं होती. बाहेर ऊन होतं, हॉलमध्ये पंखे होते, आणि ही माणसं जंगलात निघाल्यासारखी नटून बसली होती. ज्योत्स्नाने मागची खुर्ची धरली.

मंडळाचे अध्यक्ष डॉ. यशोधन निरगुडे. दातांचे डॉक्टर. गोरेपान, हसरे, बोलताना समोरच्याच्या तोंडाकडे बघायची सवय. ज्योत्स्नाला सारखं वाटे की आपला एखादा दात हे मोजतायत. त्यांनी स्लाइड दाखवल्या. गुलाबावर दवाचे थेंब. गुलाबावर दवाचे थेंब आणि एक किडा. जास्वंदीवर दवाचे थेंब आणि दोन किडे. प्रत्येक स्लाइडनंतर लोक "वा" म्हणत. थेंब सगळे एकाच मापाचे होते. एवढं शिस्तीचं दव ज्योत्स्नाने नाशकात कधी पाहिलं नव्हतं.

शेवटी तिने विचारलं, "सुरुवात करायची असेल, आणि फार खर्च झेपत नसेल, तर कुठली मॅक्रो लेन्स घ्यावी?"

"मॅडम," डॉक्टर हसून म्हणाले, "लेन्सच्या बाबतीत तडजोड करायची नाही. एकशे पाचची ऑटोफोकस घ्या. मी दातांसाठी तीच वापरतो, किड्यांसाठीही तीच."

"माझ्या चार पगारांत येईल ती."

"मग थोडं थांबा, साठवा."

"आणि हाताने फोकस करायची?"

हॉलमध्ये दोन-तीन जण हसले. डॉक्टर समजुतीच्या स्वरात म्हणाले, "मॅन्युअल आता कोण वापरतं? तुम्ही रिंग फिरवेपर्यंत किडा उडून जाईल. शिवाय आपल्या वयात नजर..."

पुढचं त्यांनी गिळलं. ज्योत्स्नाने गिळलं नाही. "टाचणीवरच्या डासाच्या पायाचे केस मला चष्म्याशिवाय दिसतात, डॉक्टर," ती म्हणाली आणि उठली. तरी जाताना तिने मंडळाची वर्गणी भरली. महिन्यातून एकदा ते लोक जीपने डोंगरात जात, आणि एकटीला तिकडं जायचं तर एसटीचे हाल होते.

कॉलेज रोडवरच्या मोठ्या दुकानातल्या विक्रेत्यानेही तेच सांगितलं, वर एक भिंग दाखवलं, लेन्सच्या तोंडावर बसवायचं. "हे लावा मॅडम, झालं मॅक्रो." तिने तिथेच लावून काउंटरवरच्या पावतीकडे पाहिलं. मधली अक्षरं स्पष्ट होती, कडेची वितळल्यासारखी. तिने ते त्याच्या हातात ठेवलं. "हे तुमच्या आजोबांना द्या, पेपर वाचायला." विक्रेता पुढचे दहा दिवस हे लोकांना सांगत होता म्हणे.

रविवार कारंजामागच्या एका बोळात हिरामणचं दुकान होतं. दुकान म्हणजे कपाटाएवढी टपरी. आत एक माणूस, एक दिवा आणि उघडून ठेवलेले पंधरा कॅमेरे. हिरामण मूळचा पेठकडचा, पंचावन्नच्या आसपासचा, जाड भिंगाच्या चष्म्याचा. तो कॅमेरे दुरुस्त करायचा आणि लोकांनी टाकून दिलेल्या लेन्स साफ करून विकायचा. गिऱ्हाइकाकडे मान वर करून बघायची त्याची रीत नव्हती. ज्योत्स्नाला हे पाहताक्षणी आवडलं.

"किड्यांचे फोटो काढायचेत. हाताने फोकस करायची मॅक्रो पाहिजे. स्वस्त."

"कॅमेरा कंचा?"

तिने तो काढून ठेवला. हिरामणने उचलून खटका दाबला, कानाशी धरून ऐकला, आणि खालच्या फळीवरून तीन वस्तू काढून ओळीने मांडल्या.

पहिली लेन्स नव्हतीच, पोकळ नळ्या होत्या. कॅमेरा आणि लेन्स यांच्यामध्ये बसवायच्या. तिची पन्नासचीच लेन्स मग जवळचं बघू लागायची. सगळ्यांत स्वस्त. दुसरी पंचावन्नची मॅक्रो, जुनी, अख्खी धातूची. ज्योत्स्नाने ती हातात घेतली आणि रिंग फिरवली. अशी फिरली की तिला सोडवेना. लोण्यात बोट फिरावं तशी. वजन बेताचं, आकडे कोरलेले, त्यात रंग भरलेला. तिसरी शंभरची मॅक्रो. काळं प्लॅस्टिक. हलवली की आत काहीतरी खुळखुळायचं, रिंग फिरवताना करकरायची. कुठल्याशा अनोळखी नावाची.

"हे काय? खेळणं आहे?" ज्योत्स्नाने ओठ मुडपले.

 हिरामणने डब्यातून चिमूटभर साखर काढून काउंटरवर टाकली आणि पुन्हा आपल्या कामाला लागला. पाच मिनिटांत माशी आली.

"काढा हिचा फोटो," तो म्हणाला. "रोल नाय घालायचा. नुसतं बघून सांगा, डोळं दिसत्यात का."

नळ्या लावून ती चार बोटांवर पोचली तेव्हा माशी उडाली. पुन्हा आली, पुन्हा उडाली. मग धातूची लेन्स लावली. अर्ध्या वितीवर आल्यावर लेन्सची सावलीच माशीवर पडली आणि माशी गेली. तीनदा तसंच झालं. ज्योत्स्नाने चौथ्यांदा तीच लेन्स उचलली, तेव्हा हिरामणने पहिल्यांदा मान वर केली.

"बाई, तुम्हाला लेन्स बघायची हाय का माशी?"

तिला असं बोलणारं माणूस कित्येक वर्षांत भेटलं नव्हतं. तिने निमूट प्लॅस्टिकची लेन्स चढवली. वीतभर अंतरावर थांबावं लागलं. रिंग करकरली. आणि काचेत एकदम माशी उभी राहिली: वीटकरी डोळे, अंगावरचे राठ केस, साखरेवर ठेवलेली सोंड. माशी पाय चोळत होती. तिला समोर कुणी आहे याचा पत्ता नव्हता.

"आता रिंग सोडा," हिरामण म्हणाला. "एकदा लावली की हात नाय लावायचा. तुम्हीच पुढं व्हा, मागं व्हा. केसभर. श्वास सोडताना दाबा."

"आत काय खुळखुळतंय?"

"काय की. मी खोलून पायली. काच लय चांगली हाय. घर भिकार हाय."

अर्ध्या पगारापेक्षा कमीत तिने ती घेतली. बोळातून बाहेर पडताना तिला त्या धातूच्या लेन्सची आठवण येत होती आणि त्या आठवणीची चीड येत होती. दिसण्यावर भाळून वस्तू घेणाऱ्यांना आयुष्यभर हसली, आणि हिरामणने टोकलं नसतं तर आपणही तेच केलं असतं.

पहिले तीन रोल वाया गेले. पंखाच्या टोकावर फोकस आणि डोळा धूसर, डोळा स्पष्ट आणि किडा अर्धा चौकटीबाहेर, नुसतंच पान. लॅबवाला पाकीट देताना तोंडावर हात धरायचा. तिने त्याच्याकडे लक्ष दिलं नाही. चुका वहीत लिहून काढल्या, जशा मुलांच्या जर्नलमध्ये लाल शाईने काढायची तशा, आणि स्वतःला तीनदा नापास केलं. लेन्सचं छिद्र लहान ठेवलं की पुढचं-मागचं जास्त स्पष्ट येतं, पण उजेड जास्त लागतो. वारा असला की कॅमेरा बंद करून घरी जावं. पहाटे किडे गारठलेले असतात, ऊन चढेपर्यंत हलत नाहीत. गंगापूर धरणाच्या काठावर ती पहाटेच्या रिक्षाने जाऊ लागली. सप्टेंबरच्या अखेरीला तिला लाल चतुर मिळाला. मिरचीसारखा. तिने तो फोटो सविताला दाखवला. सविता म्हणाली, "हां, हा खरा," आणि पेटीतला तपकिरी चतुर तिने जरा बाजूला सरकवून ठेवला.

ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी मंडळाच्या दोन जीप गिरणाऱ्यावरून वाघेऱ्याच्या घाटात गेल्या. उतार सोनकीच्या फुलांनी पिवळा झाला होता. जाकिटं खाली उतरली, डबे उघडले, इडली-चटणी झाली, आणि मग ज्योत्स्नाचा कॅमेरा हातोहात फिरला.

"हा खुळखुळा कुठून आणलात?" डॉक्टरांनी लेन्स कानाजवळ हलवून दाखवली. सगळे हसले. तिने लेन्स त्यांच्या हातातून काढून घेतली.

नऊ वाजता डॉक्टरांनी जीपमधून एक लहान बर्फपेटी काढली. ज्योत्स्नाला वाटलं, थंड पाणी असेल. आत रोलच्या रिकाम्या डब्या होत्या, एकावर एक रचलेल्या. त्यांनी एक डबी उघडून चिमट्याने एक हिरवा चकचकीत ढालकिडा बाहेर काढला, जीपमधून आणलेल्या कुंडीतल्या गुलाबावर ठेवला, खिशातून अत्तराची बाटली काढून वर पाण्याचा फवारा मारला आणि तिवईवरच्या कॅमेऱ्याला डोळा लावला. ढालकिडा पाय पोटाशी घेऊन पडला होता. डॉक्टरांनी टूथपिकने त्याला सरळ केला.

ती बघत राहिली. तिला राग आला नाही. राग यायला समोरचं माणूस थोडं तरी मोठं असावं लागतं.

"या ना मॅडम," डॉक्टर म्हणाले, "तुमच्या लेन्सला हाच बरा. दोन मिनिटं तरी हलणार नाही. कधीकधी अजिबातच हलत नाही." आणि हसले.

"गुलाबावर?" ती म्हणाली. "हा मोगली एरंडावर असतो."

"कोण बघतंय?"

ती उतारावर खाली गेली, जीप दिसेनाशा होईपर्यंत. सोनकीत गुडघ्यावर बसली. तासाभरात बरंच काही आलं आणि उडालं. मग एका फुलावर तिला बोटाच्या पेराएवढं निळं फुलपाखरू दिसलं. ती सरकत सरकत जवळ गेली, वीतभरावर थांबली. ऊन चढलं होतं, तरी फुलपाखरू जागचं हललं नाही. पंखाच्या कडेची झालर, ठिपक्यांभोवतीची पांढरी वर्तुळं, मिशांवरचे काळे-पांढरे पट्टे, सगळं काचेत उमटलं. तिने नऊ फोटो काढले. शेवटी गुडघा दुखायला लागला म्हणून तीच उठली. परत जीपकडे चढताना ती मनात म्हणत होती, बर्फ लागतो म्हणे यांना. संयम लागतो, संयम.

डिसेंबरात मंडळाचं प्रदर्शन ठरलं. मोठ्या आकारातले चाळीस फोटो, त्यांत डॉक्टरांचे अकरा. फोटोंखाली शास्त्रीय नावं हवीत असं कुणीतरी सुचवलं आणि काम ओघानेच ज्योत्स्नाकडे आलं. डॉक्टर स्वतः फोन करून म्हणाले, "तुमच्याइतकं कोण जाणतं?" ते खरंच होतं.

तिने मोठे केलेले फोटो प्रयोगशाळेच्या टेबलावर पसरले आणि एकेक तपासायला घेतला. डॉक्टरांच्या अकरापैकी सात किडे मेलेले होते. एक तर तिने घाटात बर्फपेटीतून निघताना पाहिला होता. बाकी सहांचे पाय, मिशा, मानेचा कल बघून कुणाही शिकलेल्या माणसाला कळलं असतं. आणखी दोहोंबद्दल खात्री नव्हती, ते तिने सोडून दिले. कॉलेजच्या टाइपरायटरवर तिने चिठ्ठ्या केल्या. नाव, मराठी नाव, आणि सात ठिकाणी पुढे एक शब्द: मृत. पेटीतल्या नमुन्याखाली हे लिहायचीच पद्धत होती. तिला कुठे काही जास्तीचं केल्यासारखं वाटलं नाही.

मग तिने स्वतःचा फोटो ओढला. निळं फुलपाखरू. लहान प्रतीत जे दिसलं नव्हतं ते मोठ्यात दिसलं. फुलपाखराच्या डोक्याखाली, फुलाच्या पाकळ्यांत, दोन पाकळ्या जरा जास्तच जाड होत्या. तिने भिंग लावलं. पाय होते ते. पिवळ्या फुलावर पिवळा खेकडा कोळी बसला होता आणि त्याने फुलपाखराची मान धरली होती.

ती खुर्चीत मागे टेकली. ऊन चढलेलं असताना वीतभरावर लेन्स आली तरी न हलणारं फुलपाखरू! पहिल्या वर्षाच्या पोराने हे केलं असतं तर तिने त्याला काय काय ऐकवलं असतं. आणि तिला काय वाटलं होतं? संयम. फुलपाखरू तिच्यासाठी थांबलं होतं म्हणे. जगातल्या सगळ्या मूर्खांना ती नावं ठेवत आली, आणि त्यांच्यातली सगळ्यांत फुगलेली तीच निघाली.

तिने टाइपरायटरमध्ये आणखी एक कागद घातला. फुलपाखराचं नाव. मृत.

उद्घाटनाला एक निवृत्त वनाधिकारी आले होते. फीत कापून ते फोटो बघत निघाले, मागे डॉक्टर, त्यांच्या मागे मंडळ. तिसऱ्या फोटोपाशी ते थबकले आणि मोठ्याने वाचलं, "ढालकिडा, मृत." पुढच्यापाशी, "सोनकिडा, मृत." मग वळून म्हणाले, "हे मृत म्हणजे काय?"

डॉक्टर हसले. "टायपिंगची चूक दिसते."

"चूक नाही," ज्योत्स्ना म्हणाली. "हे सात किडे मेलेले आहेत. बर्फात ठेवून आणलेले."

 डॉक्टरांचा चेहरा गोऱ्याचा लाल झाला. क्षणभर तिला वाटलं, आता काहीतरी होईल. पण डॉक्टरांची नजर फिरत फिरत तिच्या फोटोवर गेली, चिठ्ठीवर थांबली, आणि त्यांच्या तोंडावर हळूहळू हसू पसरलं.

"हे तर तुमचंच ना मॅडम? इथंही मृत लिहिलंय!"

"ते कोळ्याने..."

"म्हणजे तुम्हीसुद्धा!" ते आनंदाने ओरडले. "बघा साहेब, आमच्या मंडळात लपवाछपवी नाही. सगळेच थोडंफार करतात."

लोक मोकळेपणी हसले. कुणीतरी टाळीही वाजवली. ती कोळ्याचं सांगत राहिली, पाकळीवर बोट ठेवून, पण वनाधिकारी "छान, छान" म्हणत पुढे गेले आणि मागून चहा आणि बटाटेवडे आल्याची हाक झाली. पहिलं बक्षीस डॉक्टरांच्या ढालकिड्याला मिळालं. संध्याकाळी ती कुलूप लावायच्या वेळी पुन्हा आत गेली तेव्हा डॉक्टरांच्या सातही चिठ्ठ्यांवरचा 'मृत' कात्रीने नीट कापून टाकलेला होता. तिच्या चिठ्ठीवरचा तसाच ठेवला होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी हिरामण आला. इस्त्रीचा शर्ट घालून, टपरी बंद ठेवून. हॉलमध्ये कुणीच नव्हतं. चाळीस फोटो त्याने दहा मिनिटांत संपवले आणि तिच्या फोटोपुढे उभा राहिला. चष्मा कपाळावर ढकलून, नाक कागदाला लागेल इतक्या जवळून.

"हा कोळी खातोय की ह्याला," तो म्हणाला.

"कळलं मला. उशिरा कळलं." ती कोरडेपणाने म्हणाली. "म्हणून लिहिलंय खाली."

हिरामणने चिठ्ठी वाचली. मग पुन्हा फोटो. "पण बाई, कोळी तर जिता हाय ना? आठच्या आठ पाय कसं रोवून बसलाय. तुम्ही मेल्याचं नाव लिवलं, जित्याचं लिवलंच नाय."

तिने पुन्हा फोटोकडे पाहिलं. फोटोत एक जिवंत प्राणी होता, गडबड न करता आपलं जेवण जेवणारा, आणि तिने स्वतःला नावं ठेवायच्या नादात त्याच्याकडे पाहिलंच नव्हतं. पाहिलं होतं ते चूक म्हणून. तिने पर्समधून पेन काढलं, चिठ्ठी उलटी केली, कोऱ्या बाजूला कोळ्याचं नाव लिहिलं आणि परत चिकटवली. हिरामणने ते वाचलं, त्यातलं शास्त्रीय नाव त्याला कळलं नसावं, पण मान हलवली.

"आणि बाकीचं?" तिने बाकीच्या भिंतीकडे हात केला.

"ते काय बघायचं," हिरामण म्हणाला. "लेन्स लय भारी हायेत." आणि चष्मा डोळ्यांवर घेऊन निघून गेला.

जानेवारीत मंडळाचं पत्र आलं: शिस्तभंगामुळे आपलं सदस्यत्व संपुष्टात येत आहे. पत्रात शुद्धलेखनाच्या चार चुका होत्या. ज्योत्स्नाने त्या लाल शाईने दुरुस्त करून पत्र परत पाठवलं.

फेब्रुवारीत एका दुपारी डॉ. निरगुडे स्वतः प्रयोगशाळेत आले. हातात मिठाईचा पुडा होता. त्यांनी दार लोटून घेतलं, स्टुलावर बसले, इकडचं तिकडचं बोलले. झालं गेलं विसरून जाऊ, म्हणाले. मग तिच्या खुर्चीजवळ वाकून हळूच विचारलं, "मॅडम, एक विचारू? तुम्हाला फोटोवरून कळतं कसं? म्हणजे पाय कसे ठेवले, मिशा कशा ठेवल्या, म्हणजे जिवंत वाटतो? दिल्लीला एक मोठी स्पर्धा आहे. तिथं परीक्षक जाणकार असतात."

ज्योत्स्ना त्यांच्याकडे बघत राहिली. एवढं मोठं माणूस, दोन मजली दवाखाना, चार पगारांची लेन्स.

"एक उपाय आहे," ती म्हणाली.

डॉक्टरांनी खिशातून डायरी काढली.

"जिवंत किड्याचा काढायचा."

"नाही, ते ठीक आहे, पण..."

"पहाटे साडेपाचला घाटात पोचायचं. गवतात बसायचं. तो हलेपर्यंत नाही, तुम्ही हलायचे थांबेपर्यंत."

डॉक्टरांनी 'साडेपाच' एवढंच लिहिलं होतं. त्याकडे बघून ते म्हणाले, "साडेपाचला जमणार नाही. मला नऊशिवाय जाग येत नाही." त्यांनी डायरी मिटली, थोडा वेळ टेबलावरच्या पेट्या पाहिल्या, आणि निघाले. पुडा न्यायला मात्र विसरले नाहीत.

रविवारी ज्योत्स्नाने पहाटेची हरसूलची एसटी धरली. सविताच्या गावाजवळचा ओहळ आटत आला होता, पण पाणी होतं. वारा सुटला, छत्तीसपैकी तीस फोटो हलले. उरलेल्या सहांतले चार बरे आले. लॅबवाला पाकीट देताना या वेळी हसला नाही, त्याने विचारलं, "मॅडम, लेन्स कुठली वापरता?" त्यावर तिने त्याच्याकडे असं काही पाहिलं की तो उरलेले सुटे पैसे द्यायचेच विसरला.